संशयाचा फायदा: भीतीची नाटकं शिकवताना ठेवलेल्या नोंदी

६ जानेवारी

आज प्रकल्प सुरू झाला. ६ आठवडे, आठवड्याला २ तासिका, ३१ मुलं, वयं १४-१५. भीती आणि संशय यांवरची काही नाटकं आणि टेलिप्ले, म्हणजे दूरचित्रवाणीसाठी लिहिलेली नाटकं, वाचायची, त्यांतले प्रवेश उभे करून बघायचे आणि शेवटी वर्गाने मिळून स्वतःचा दहा मिनिटांचा टेलिप्ले लिहायचा, असा बेत.

पहिल्याच दिवशी संहिता हातात द्यायची नाही, हे ठरवलं होतं. फळ्यावर एक प्रश्न लिहिला: आधी भीती येते की आधी संशय? २४ जणांनी संशयाच्या बाजूने हात वर केले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, एखाद्याचा संशय आला की मग त्याची भीती वाटायला लागते. ७ जण उलट बाजूला होते, पण का ते त्यांना सांगता येईना. मी उत्तर दिलं नाही. आकडे फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले, भोवती चौकट आखली आणि खाली 'पुसू नये' असं लिहून ठेवलं.

उरलेला वेळ टेलिप्ले म्हणजे काय यात गेला. मालिकेची स्क्रिप्ट, एवढं मुलांना ठाऊक होतं. रंगमंचावर सहा माणसं उभी असली तर कुणाकडे बघायचं ते प्रेक्षक ठरवतो. टेलिप्लेत ते लेखक आणि कॅमेरा ठरवतात. संशयाच्या गोष्टीत हा फरक लहान नाही. एखाद्या चेहऱ्यावर कॅमेरा दोन सेकंद जास्त थांबला की त्या माणसाने काही केलेलं नसतानाही तो आपल्याला खटकायला लागतो. आज मी हे नुसतं बोलले. पुढच्या आठवड्यात मोबाइलवर करून दाखवायचं.

९ जानेवारी

सुरुवात हसण्यातून केली. गोविंद बल्लाळ देवल यांचं 'संशयकल्लोळ', १९१६ साली रंगमंचावर आलेलं. इतकी जुनी भाषा मुलांना अडेल असं वाटलं होतं, पण दोन पानांत ती रुळली. फाल्गुनरावाचा बायकोवर संशय, कृत्तिकेचा नवऱ्यावर संशय आणि मध्ये एका परक्या पुरुषाची तसबीर. फाल्गुनराव वाचणाऱ्या मुलाने प्रत्येक वाक्याआधी डोळे बारीक करायला सुरुवात केली आणि वर्ग खदखदून हसला.

हसू ओसरल्यावर विचारलं, "फाल्गुनरावाकडे पुरावा काय?"

"तसबीर."

"तसबिरीने काय सिद्ध झालं?"

जरा वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, त्याची खात्री आधीच झाली होती. तसबीर नंतर सापडली."

हे वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवून घेतलं. पुढचे सहा आठवडे मला ज्या गोष्टीपाशी मुलांना न्यायचं होतं, तिच्या दारात एक मुलगा दुसऱ्याच तासाला जाऊन उभा राहिला.

मग प्रश्न आला की इतका संशय भरलेला असूनही आपण हसतो का. उत्तरं बरीच आली. त्यातलं एक मला पटलं. एक मुलगी म्हणाली, इथला संशय घरातल्या घरात राहतो. गल्लीतले लोक फाल्गुनरावाच्या बाजूने काठ्या घेऊन आले असते तर आपण हसलो नसतो.

१३ जानेवारी

गल्लीतल्या लोकांकडेच आलो. रॉड सर्लिंग यांचा टेलिप्ले, 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट'. 'द ट्वायलाइट झोन' या अमेरिकन मालिकेत ४ मार्च १९६० रोजी प्रसारित झालेला. वर्गासाठी निवडक प्रवेश मी कामापुरते मराठीत आणले आहेत.

आधी मोबाइलचा प्रयोग. पाच मुलांना भिंतीपाशी उभं केलं. काही करायचं नाही, फक्त उभं राहायचं. कॅमेरा सगळ्यांवरून फिरवला आणि तिसऱ्या मुलावर थोडा जास्त थांबवला. चित्रफीत बघून वर्गाला विचारलं की यातला एक जण काहीतरी लपवतोय, कोण? बहुतेक सगळ्यांनी तिसऱ्याचं नाव घेतलं. "त्याचे हात बघा ना," असंही एक जण म्हणाला. हात इतरांसारखेच होते.

मग वाचन. शांत निवासी रस्ता, संध्याकाळची वेळ. आकाशातून काहीतरी लखलखत, गर्जत जातं. त्यानंतर दिवे, फोन, गाड्या सगळं बंद. पीट व्हॅन हॉर्न नावाचा शेजारी पलीकडच्या रस्त्यावर काय परिस्थिती आहे ते बघायला निघतो. टॉमी नावाचा मुलगा त्याने वाचलेली गोष्ट सांगतो: परग्रहावरून येणारे आधी माणसांसारखं दिसणारं एक कुटुंब पुढे पाठवतात. मोठी माणसं आधी ते हसण्यावारी नेतात. मग लेस गुडमन याची गाडी आपोआप सुरू होते.

इथे थांबलो आणि गुडमनवरचे 'आरोप' फळ्यावर लिहिले. गाडी सुरू झाली. रात्री अंगणात उभा राहून आकाशाकडे बघतो. त्याला झोप लागत नाही, हे त्याचं स्पष्टीकरण. प्रत्येक आरोपापुढे मुलांनी लिहायचं होतं की ही गोष्ट काल कळली असती तर काय वाटलं असतं. आकाशाकडे बघण्यापुढे एकाने लिहिलं, 'बिचारा.' एवढा एकच शब्द. काल ज्या गोष्टीने कीव आली असती तीच आज पुरावा झाली. मधे बदललं ते एवढंच, की दिवे गेले.

१६ जानेवारी

उत्तरार्ध. स्टीव्ह नावाचा शेजारी सगळ्यांना समजावत राहतो, तर त्याच्याच घरातला हौशी रेडिओ संच चर्चेत येतो. काळोखातून एक आकृती चालत येते. चार्ली हा आणखी एक शेजारी गोळी झाडतो. पडतो तो पीट व्हॅन हॉर्न, म्हणजे परत येणारा त्यांचाच शेजारी. मग चार्लीच्या घरातले दिवे लागतात आणि जमाव त्याच्याकडे वळतो. सुटण्यासाठी चार्ली टॉमीकडे, एका लहान मुलाकडे बोट दाखवतो. टेकडीवरून हे सगळं बघणारे परग्रहवासी शेवटी दिसतात. त्यांना फक्त यंत्रं बंद-चालू करावी लागतात, बाकीचं लोक आपापसांत करतात.

वाद रंगला तो परग्रहवासी खरे असण्यावरून. एका गटाला शेवट फसवा वाटला. "मग लोक बरोबरच होते ना? परग्रहावरचे आले होतेच." या मुद्द्यावर मी पूर्वी घाईने पुढे जात असे. आज थांबले, आणि बरं झालं थांबले. दुसऱ्या गटाने फार नेमकं उत्तर दिलं: धोका खरा होता, पण ज्या ज्या माणसावर बोट ठेवलं त्यातलं एकही बोट बरोबर नव्हतं. धोका खरा असल्याने संशय खरा ठरत नाही.

सर्लिंग यांना परग्रहवासी का लागले, तेही सांगितलं. १९५५ साली मिसिसिपीमध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली आणि मारेकरी निर्दोष सुटले. सर्लिंग यांनी त्यावरून सुचलेले टेलिप्ले लिहिले. १९५६ आणि १९५८ साली ते प्रसारित झाले खरे, पण जाहिरातदार आणि वाहिनीच्या दबावाखाली इतके बदलून की मूळ घटना ओळखू येऊ नये. १९५९ साली 'द ट्वायलाइट झोन' सुरू झाली. शेजाऱ्यांबद्दल जे थेट बोलू दिलं जात नव्हतं ते परग्रहाच्या आडून बोलता आलं. टिलचं वय ऐकल्यावर वर्गात जी शांतता पसरली, ती मी मोडली नाही. घंटा होईपर्यंत कुणी बोललं नाही.

२० जानेवारी

आजची नोंद लिहायला जड जाते आहे.

चिठ्ठ्यांचा खेळ घेतला. प्रत्येकाला घडी घातलेली चिठ्ठी दिली. सांगितलं की काही चिठ्ठ्यांवर ठिपका आहे, बाकी कोऱ्या. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. जास्तीत जास्त मोठा गट करायचा, पण गटात ठिपकेवाला एकही नको. खरं तर सगळ्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. हा खेळ असाच असतो, आणि शेवटी ते उघड झालं की मुलांना जे कळतं ते व्याख्यानाने कळत नाही, असा माझा विश्वास होता.

दहा मिनिटांत चार गट झाले. एक मुलगी कुठल्याच गटात नव्हती. मुळात कमी बोलणारी. एका गटाने म्हटलं, तू चिठ्ठी उघडताना हसलीस. दुसऱ्याने म्हटलं, तू चिठ्ठी दोनदा बघितलीस. तिसऱ्या गटाने तर कारणही दिलं नाही, नुसती पाठ वळवली. ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खेळ 'जमतोय' म्हणून मी बघत राहिले. त्या वेळी थांबवायला हवा होता आणि मी आणखी दोन मिनिटं जाऊ दिली.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा वर्ग आधी गप्प झाला, मग सुटल्यासारखा हसला. ती हसली नाही.

घरी आल्यावर विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' आठवत राहिलं. वेळ घालवायला मांडलेला खोटा खटला, 'खेळच आहे' असं म्हणत म्हणत बेणारे बाईंभोवती आवळत जाणारं वर्तुळ. हे नाटक मी किती वेळा वाचलं आहे. तरी आज त्यातल्या खुर्च्या मीच मांडून दिल्या.

२३ जानेवारी

तास सुरू होण्याआधी तिला भेटले आणि माफी मागितली. तिने जे सांगितलं ते तिच्या परवानगीने इथे लिहिते आहे. ती म्हणाली, "मी चिठ्ठी दोनदा नाही, चारदा बघितली. सगळे म्हणताहेत तर ठिपका असेलच, मलाच दिसत नसेल, असं वाटलं."

वर्गासमोरही माझी चूक सांगितली: खेळातून बाहेर पडायची मुभा आधी दिली नव्हती, आणि एकटं पडलेलं माणूस दिसल्यावर खेळ थांबवला नव्हता. तिचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. पाठ वळवणाऱ्या गटातला एक मुलगा उठून म्हणाला की त्याला तिचा संशय नव्हताच. त्याला भीती होती की तिला घेतलं तर बाकीचे त्यालाच बाहेर काढतील.

कुणीतरी फळ्यावरच्या चौकटीकडे बोट दाखवलं. २४ आणि ७. पुन्हा मत घेऊ का, असं मीच विचारलं. मुलं म्हणाली, इतक्यात नको.

हा खेळ पुन्हा घ्यायचा का? घेतला तर मुलांना चिठ्ठ्या वाटून नाही. पुठ्ठ्याची पात्रं करून, पात्रांना चिठ्ठ्या द्यायच्या. माणूस जिवंत असला की धडा त्याच्या अंगावरून जातो, हे मला आता दिसलं आहे.

२७ जानेवारी

आर्थर मिलर, 'द क्रुसिबल'. १९५३च्या जानेवारीत न्यूयॉर्कमध्ये पहिला प्रयोग. विषय १६९२ साली आजच्या अमेरिकेतल्या सेलम गावात झालेले चेटकिणींचे खटले. १९ जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याने आरोपाला उत्तरच द्यायचं नाकारलं, तेव्हा अंगावर दगड रचत त्याचा जीव घेतला गेला. आरोपीची छाया मला दिसली, तिने मला चिमटे काढले, अशी साक्ष तिथे पुरावा म्हणून चालत होती. म्हणजे ज्या वेळी मी घरी झोपले होते त्याच वेळी माझी छाया दुसऱ्याच्या घरात फिरत होती, असं कुणी म्हटलं तर मी उलट काय सिद्ध करणार? मुलांनी दहा मिनिटं वेगवेगळे बचाव करून बघितले. एकही टिकला नाही.

कबुली देणारे वाचले, नाकारणारे फासावर गेले. हे ऐकून ती मुलगी पहिल्यांदाच स्वतःहून बोलली: "मग कबूल करणाऱ्यांपैकी कुणाला खरंच वाटलं असेल का, की आपण चेटकीण आहोत?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, वाटलं असेल.

मिलर यांनी इतिहासात बदल केले, तेही दाखवलं. आरोप करणाऱ्या मुलींतल्या खऱ्या ॲबिगेलचं वय ११-१२ होतं, नाटकात ती १७ वर्षांची आहे. आरोपींपैकी खरा जॉन प्रॉक्टर साठीचा, नाटकातला पस्तिशीचा. संशयामागे सूड आणि आसक्ती उभी करायला हे बदल लागले. वर्ग दुभंगला. काहींना ही इतिहासाशी लबाडी वाटली. माझं मत असं की नाटककाराला ती मुभा आहे, पण शिकवणाऱ्याने खरी वयं सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

नाटक लिहिलं गेलं त्या काळाबद्दल थोडक्यात. १९५०च्या फेब्रुवारीत अमेरिकी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी एका भाषणात जाहीर केलं की परराष्ट्र खात्यातल्या कम्युनिस्टांची यादी आपल्या हातात आहे. "बाई, चिठ्ठीसारखीच," असं एक जण लगेच म्हणाला. १९५६ साली मिलर यांनाच कम्युनिस्टांची चौकशी करणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे बोलावलं गेलं. त्यांनी स्वतःबद्दल उत्तरं दिली, पण इतरांची नावं घ्यायला नकार दिला. पुढच्या वर्षी त्याबद्दल ते दोषी ठरले आणि १९५८ साली वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला. नाटकाच्या शेवटी प्रॉक्टर दुसऱ्यांची नावं घ्यायला नकार देतो. लेखकावर ती वेळ नाटक लिहून झाल्यावर आली.

३० जानेवारी

आजचा तास या प्रकल्पातला सगळ्यात चांगला. त्याचं श्रेय एका मराठी शब्दाला.

रेजिनाल्ड रोज यांचा टेलिप्ले 'ट्वेल्व्ह अँग्री मेन', २० सप्टेंबर १९५४ रोजी थेट प्रसारित झालेला. आज बहुतेकांना त्यावरचा १९५७चा चित्रपट माहीत असतो, पण मूळ लेखन दूरचित्रवाणीसाठी होतं. एका खोलीत ज्युरीतले बारा जण. एका मुलावर वडिलांच्या खुनाचा आरोप. पहिल्या मतदानात अकरा दोषी म्हणतात, एक नाही म्हणतो.

मुलांचा पहिला समज असा की तो एक जण मुलाच्या बाजूचा आहे. संवाद पुन्हा वाचायला लावले. मुलगा निर्दोष आहे असं तो म्हणतच नाही. त्याला माहीत नाही, आणि माहीत नसताना कुणाला मरायला पाठवायला तो तयार नाही. बोलू या, एवढंच त्याचं मागणं.

मी फळ्यावर लिहिलं, 'संशयाचा फायदा'. बातम्यांत मुलांनी हे शब्द वाचले होते: संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता. आता एक मुलगी गोंधळून म्हणाली, "पण संशयाने तर गुडमनचं वाटोळं झालं. इथे संशयाने माणूस कसा वाचतो?" मग पंचवीस मिनिटं मला बोलावं लागलं नाही. मुलांनीच वेगळं करून दाखवलं. मेपल स्ट्रीटवरचा संशय माणसावर आहे. ज्युरीच्या खोलीतला संशय आपल्याच खात्रीवर आहे. शब्द एकच, रोख उलटा. पहिला संशय गर्दीत वाढतो. दुसरा एकट्याला सुरू करावा लागतो, अकरा जणांसमोर.

शेवटी चौकटीकडे वळलो. नवं मत घ्यायचं ठरलं, तर फाल्गुनरावाच्या तसबिरीबद्दल बोलणारा मुलगा उभा राहिला. त्याचं म्हणणं, प्रश्नच चुकला आहे. आधी 'माहीत नाही' येतं. दिवे का गेले माहीत नाही. सेलम गावातल्या मुली आजारी का पडल्या माहीत नाही. ते सहन होत नाही म्हणून भीती, आणि भीतीला तोंड हवं म्हणून संशय. चौकटीतले दोन्ही आकडे त्याने स्वतः पुसले. मी अडवलं नाही.

३ फेब्रुवारी

लेखन सुरू. प्रतीक्षागृह, रात्रीची वेळ, गाडीला उशीर, आठ प्रवासी आणि मध्ये एक बेवारस पिशवी. पिशवी कुणाची आहे हे कुणीच सांगत नाही. पहिल्या मसुद्यात सगळीच पात्रं ओरडत होती. त्यांना सांगितलं की पहिल्या तीन पानांत कुणीही आवाज चढवायचा नाही. संशय सभ्य भाषेत आणा. 'तुम्ही इथे कधीपासून बसलात?' हे वाक्य तिथूनच निघालं, आणि ते ओरडण्यापेक्षा भयंकर आहे.

१० फेब्रुवारी

मोठा वाद: शेवटी पिशवीत काय निघतं? निम्म्यांना काहीतरी साधं हवं होतं, जुने कपडे, खेळणी, म्हणजे प्रेक्षकाला लाज वाटेल. दोघांना खराच धोका हवा होता. शेवटी पिशवी उघडायची नाही असं ठरलं. प्रेक्षकालाही 'माहीत नाही' घेऊनच उठू दे. यात माझा हात नाही, पण मी मनातून हेच ठरावं म्हणून वाट बघत होते.

खिडकीपाशी उभी राहिलेली मुलगी अभिनयाला नाही म्हणाली. तिने कॅमेऱ्याच्या सूचना लिहायला मागितल्या. संहितेच्या पहिल्या पानावरची तिची सूचना अशी: 'या टेलिप्लेत कॅमेरा बोलणाऱ्यावर थांबणार नाही. ज्याच्याबद्दल बोललं जातंय त्याच्यावरही नाही. ऐकून गप्प बसणाऱ्यांवर थांबेल.' पाठ वळवणाऱ्या गटातल्या तिघांना गप्प बसणाऱ्यांचं काम मिळालं आहे. ते तिने दिलं की आपोआप झालं, मी विचारलेलं नाही.

१३ फेब्रुवारी

चित्रण झालं, ११ मिनिटं २० सेकंद. शेजारच्या वर्गाला दाखवलं. पिशवी उघडली नाही म्हणून ते चिडले आणि आमच्या मुलांना घेरून विचारत राहिले, आत काय होतं, सांगा ना. आमची ३१ मुलं एकमेकांकडे बघत होती. "माहीत नाही," एवढंच म्हणत होती.

राहिलेलं काम: पान ६ वरच्या बाईंचा संवाद अजून पुस्तकी आहे, तो बदलायचा. पिशवी कपाटात ठेवली आहे. आत काय भरलं होतं ते मला कुणी सांगितलेलं नाही, आणि मी बघितलेलं नाही.